पंचवीस पालक मदतीला तयार, तरी स्पर्धेचा गोंधळ का होतो? मुलांच्या जलतरण स्पर्धेतून शिका कामाची वाटणी



व्हिडिओमध्ये कामांचा तक्ता जरा पटापट गेला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

समजा, तुम्ही स्विमिंग क्लास चालवता. उन्हाळी बॅचच्या शेवटी मुलांची स्पर्धा घ्यायचं ठरवलंत. कल्पना उत्तम आहे. पालकांना मुलांची प्रगती दिसते आणि पुढच्या बॅचची नोंदणीही तिथेच सुरू होते. सगळीकडे पगारी माणसं लावणं परवडत नाही, म्हणून ग्रुपवर मेसेज जातो, "मदतीला कोण कोण येणार?" पटापट पंचवीस अंगठे येतात. आपण खूश!

पण मित्रांनो, अंगठा म्हणजे होकार. त्याला काम मिळालं असं होत नाही. कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलं नसेल, तर त्या दिवशी निम्मे पालक आपल्या मुलाचा व्हिडिओ काढत असतात आणि लेन चारवर वेळ घ्यायला कोणीच नसतं. त्या लेनमधलं मूल वर्षभर घाम गाळून आलेलं असतं. त्याची वेळच नोंदली गेली नाही, तर त्याला तुम्ही काय सांगणार?

आधी हिशोब, मग माणसं

९० मुलं, प्रत्येकी २ शर्यती, म्हणजे १८० वेळा कोणीतरी पोहणार. तलावात ६ लेन असतील तर १८० भागिले ६, म्हणजे ३० हीट. पण मुलं-मुली आणि वयोगट वेगळे असल्यामुळे काही लेन रिकाम्या राहतात. म्हणून ३८ हीट धरा. ५० मीटरच्या एका हीटला शिट्टी, उडी, पोहणं आणि बाहेर येणं धरून ३ मिनिटं. झाले ११४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ दोन तास. आता कळलं ना, माणसं किती वेळ उभी राहणार आहेत ते? मध्ये दहा मिनिटांची सुट्टी आणि पाण्याची सोय आत्ताच लिहून ठेवा.

कोणाला कोणतं काम?

१. टाइमकीपर: प्रत्येक लेनला २, म्हणजे १२. शिवाय २ राखीव, कारण कोणाचं तरी स्टॉपवॉच सुरूच होत नाही. आपल्याच मुलाच्या लेनवर पालकाला ठेवू नका. त्या हीटपुरती लेन बदला.

२. मुलांना रांगेत आणणारे: ३. पुढच्या दोन हीटची मुलं लेनच्या क्रमाने बाकावर बसवायची. सगळ्यात चपळ आणि खणखणीत आवाजाची माणसं इथे द्या. स्पर्धा उशिरा चालते ती बहुतेक वेळा इथेच अडकलेली असते.

३. चिठ्ठ्या नेणारा: १. लेनवरची वेळेची चिठ्ठी निकालाच्या टेबलावर पोचवायची.

४. निकालाचं टेबल: २. एक वाचणार, दुसरा लिहिणार.

५. घोषणा: १. पदकं: २. गेट आणि पालकांची बसण्याची जागा: २.

एकूण २५. म्हणजे अंगठे पुरेसे होते, कमी होती ती वाटणी.

जे काम स्वयंसेवकाला द्यायचंच नाही

पाण्यावर लक्ष ठेवायला प्रशिक्षित जीवरक्षकच हवा, आणि त्याला त्या वेळात दुसरं कोणतंही काम द्यायचं नाही. "सगळे बघताहेतच की" हे वाक्य तलावावर फार धोक्याचं आहे. सगळे बघतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. इथे पैसे वाचवू नका.

तसंच स्टार्टर आणि रेफरी जिल्हा जलतरण संघटनेकडून जाणकार मागवा. एखाद्या मुलाला बाद ठरवायचं काम दुसऱ्या मुलाच्या बाबांना दिलंत, तर भांडण नक्की. आणि कपडे बदलायच्या खोलीकडे एकटा स्वयंसेवक कधीही नको. मुलींच्या बाजूला दोन महिलाच हव्यात.

शेवटचा शब्द कोणाचा?

आता एक खरा किस्सा. १९६० चं रोम ऑलिंपिक, १०० मीटर फ्रीस्टाइल. अमेरिकेचा लान्स लार्सन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट जवळजवळ एकत्रच पोचले. लार्सनच्या लेनवरच्या तीन घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१ सेकंद. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांत ५५.२. म्हणजे घड्याळांप्रमाणे लार्सन पुढे. पण पहिला-दुसरा ठरवणाऱ्या पंचांचीच मतं विभागली गेली. शेवटी मुख्य पंचाने कौल दिला आणि सुवर्ण डेव्हिटला मिळालं. अमेरिकेने अपील केलं, पण निकाल बदलला नाही.

तिथे माणसं कमी नव्हती, जाणकारही होती. अडचण एकच, दोघांचं म्हणणं वेगळं आलं तर कोणाचं धरायचं? म्हणून तुमचा नियम आधीच कागदावर हवा. हाताने वेळ घेताना रीत अशी आहे: दोन घड्याळं असतील तर सरासरी. तीन असतील आणि दोन जुळली तर तीच वेळ, तिन्ही वेगळी असतील तर मधली. वाद झाला तर रेफरीचा निर्णय अंतिम. हे पालकांना स्पर्धेआधी वाचून दाखवा.

मेसेज असा पाठवा

"मदत कराल का?" असं मोघम विचारू नका. असं लिहा: "ताई, लेन ३, टाइमकीपर. रविवारी सकाळी ७ वाजता काठावर या. स्टॉपवॉच आम्ही देऊ. १० वाजता मोकळ्या व्हाल. अडलं तर निळी टोपी घातलेल्या दादांना विचारा." काम, जागा, वेळ, साहित्य आणि कोणाला विचारायचं, पाचही गोष्टी आल्या.

शर्यतीआधी १५ मिनिटं सराव घ्या. २५ मीटरच्या तलावात २५ मीटरची शर्यत असेल तर टाइमकीपर पलीकडच्या टोकाला असतात. आवाज तिथे पोचायला साधारण ०.०७ सेकंद लागतात. म्हणून स्टार्टरने आवाजासोबत हात खाली करायचा आणि सगळ्यांनी हात बघून घड्याळ दाबायचं. म्हणजे सगळ्या लेनना एकच न्याय.

बघा मित्रांनो, स्वयंसेवक पगार घेत नाही, पण त्याची रविवारची सकाळ तुम्हाला देतो. स्पष्ट काम देणं हा त्याचा मान आहे. उद्या तुमच्या दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये पहिला माणूस कामाला ठेवाल, तेव्हाही हेच पाच मुद्दे लागणार आहेत.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली अशी तीन कामं लिहा जी "कोणीतरी करतंच". प्रत्येकासमोर एकच नाव लिहा. नाव सुचत नसेल, तर ते काम आज कोणीच करत नाहीये, असं समजा. कामाला लागा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!