व्हेअर आर यू फ्रॉम, बॉस?

सोमवारची सकाळ. नवा प्रोजेक्ट, नवी टीम, व्हिडिओ कॉलवर पलीकडे परदेशातला क्लायंट. काम सुरू होण्याआधी पाच मिनिटं गप्पा. आणि मग तो प्रश्न येतोच... 'सो, व्हेअर आर यू फ्रॉम?'

माझा एक मित्र मूळचा वेल्ह्याचा. तोरण्याच्या पायथ्याशी घर, नोकरी हिंजवडीत. कोडिंगमध्ये एकदम सॉलिड! पण या प्रश्नावर त्याचं उत्तर ठरलेलं, 'फ्रॉम निअर पुणे.' व्याकरणात चूक काहीच नाही. पण एकदा चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "अगं, डोंगरातलं गाव, घाटाच्या अलीकडे, गडाच्या खाली, हे सगळं इंग्लिशमध्ये कुठल्या क्रमानं सांगायचं तेच कळत नाही. मग गावच गाळून टाकतो."

गावच गाळून टाकायचं? तेही दोन-चार छोट्या शब्दांपायी? मग ठरवलं, या छोट्या शब्दांचा फंडा एकदा नीट समजून घ्यायचाच.

उलटं वाचा, सुलट होईल

शाळेत घोकलेली विभक्ती आठवतेय? पंचमी : ऊन, हून. एखाद्या जागेपासून सुटून येणं दाखवणारे प्रत्यय. इंग्रजीत ते काम 'फ्रॉम' करतो. आता हा शब्द बघा : डोंगरामागून. डोंगर, मग मागे, मग ऊन. इंग्रजीत तेच तीन डबे उलट्या क्रमाने लागतात : 'फ्रॉम बिहाइंड द हिल.' दगडाखालून? 'फ्रॉम अंडर द स्टोन.' मराठी हे डबे एकमेकांना चिकटवते आणि शेवटून जोडते. इंग्रजी सुटे ठेवते आणि पुढून जोडते. म्हणजे मराठी शब्द मनात शेवटाकडून वाचा, निम्मं काम झालं!

पण एक ग्यानबाची मेख आहे. 'इन' आणि 'अॅट' हे सहसा 'फ्रॉम'च्या मागे उभे राहत नाहीत. 'ऑफिसातून' म्हणजे नुसतं 'फ्रॉम द ऑफिस.' मध्ये 'अॅट' घुसवायचा नाही. आतून आलो यावर जोर द्यायचा असेल तर 'फ्रॉम इनसाइड.' अंडर, बिहाइंड, अबव्ह, बिटवीन, निअर यांना मात्र 'फ्रॉम'शेजारी जागा आहे. कारण साधं आहे. 'आत' किंवा 'तिथे' हे 'फ्रॉम'मध्येच धरलेलं असतं. 'खाली' आणि 'मागे' मात्र सांगावं लागतं.

हिअर, देअर, अपस्टेअर्स, अब्रॉड यांना 'फ्रॉम' चालतो : 'फ्रॉम हिअर', 'फ्रॉम अब्रॉड'. पण जाताना 'टु' नको. 'गो देअर', 'कम हिअर', 'गो होम'. 'आय अॅम गोइंग टु होम' हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलंय, त्यामुळे कोणी कोणाला हसायचं नाही!

कापूरहोळवरून की कापूरहोळ मार्गे?

स्वारगेटहून भोरला निघालात की हायवेवर कापूरहोळ लागतं, तिथून आत वळायचं. वेल्ह्याला जायचं तर त्याआधीच, नसरापूर फाट्याला. आपण सहज म्हणतो, 'मी नसरापूरवरून जातो.' हे तसंच्या तसं 'फ्रॉम नसरापूर' केलंत तर समोरच्याला वाटणार, हा नसरापूरला राहतो आणि तिथूनच निघतो. एसटीच्या पाटीवरचा 'मार्गे' इथे कामाला येतो : 'व्हाया नसरापूर' किंवा 'थ्रू नसरापूर'. खिडकीतून पाहिलं, दारातून आलो, इथेही 'थ्रू'च. आपला 'ऊन' सुटण्याची जागाही दाखवतो आणि वाटही. 'फ्रॉम'ला वाट दाखवता येत नाही.

दुसरा गोंधळ त्याहून नाजूक. मराठीत 'मी भोरचा' वेगळं आणि 'मी भोरहून आलो' वेगळं. पहिल्यात मूळ, दुसऱ्यात प्रवास. इंग्रजीत दोन्हीकडे 'फ्रॉम'च, फरक क्रियापदात. 'आय अॅम फ्रॉम भोर' किंवा 'आय कम फ्रॉम भोर' म्हणजे भोरचा. 'आय अॅम कमिंग फ्रॉम भोर' म्हणजे आत्ता गाडीत आहे, पोचतोच. इंटरव्ह्यूमध्ये हे तिसरं वाक्य किती वेळा ऐकू येतं ते एचआरवाल्यांना विचारा!

खाली कोकणात, वर गडावर

आता खरी गंमत. इंग्रजी बोलणारे नुसतं 'इन महाड' म्हणून थांबत नाहीत. 'डाउन इन महाड', 'अप ऑन राजगड', 'आउट इन द फील्ड्स' म्हणतात. आधी अव्यय लावून आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं, मग जागा. हे वाचताना भारी फॉरेन वाटतं ना? मग भोरमधल्या कुठल्याही आजीला विचारा, मुलगा कुठे गेलाय? वरंधा घाट उतरून महाडला गेला असेल तर त्या म्हणतील, "खाली कोकणात गेलाय." केळदजवळून मढे घाटाची वाट उतरते, तीही खाली कोकणातच. आणि कोकणातली माणसं आपल्याला काय म्हणतात? वरची, घाटावरची. जागा तीच, बोलणारा कुठे आहे त्यावर वर-खाली ठरतं. इंग्रजीतले अप-डाउन बहुतेक वेळा हेच तर करतात.

शेतात कोण आहे, गडावर कोण चढलंय, नदीपल्याड कोण राहतं, हे सगळं डोंगरातली माणसं रोज असंच सांगतात. म्हणजे माझ्या मित्राला अडचण समजेची नव्हतीच. फक्त शब्दांची रांग उलटी लावायची होती.

आणि आता तर नवा पेच आलाय. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला. म्हणजे 'आय अॅम फ्रॉम राजगड' म्हटल्यावर एखादा ट्रेकर सहकारी विचारणारच, "म्हणजे वर गडावर राहतोस?" मराठीत आपण 'राजगडचा' आणि 'राजगडावरचा' असा एका 'वर'ने निकाल लावतो. इंग्रजीत ते काम अव्ययाकडे : तालुक्याचा असाल तर नुसतं 'फ्रॉम राजगड', गडावरून उतरून येत असाल तर 'डाउन फ्रॉम राजगड'.

गावाकडचा

मागच्या महिन्यात त्या मित्राकडे गेले होते. त्याचा एक शाळासोबती गावाहून आला होता, सोबत इंद्रायणी तांदळाची पिशवी. तेवढ्यात मित्राचा परप्रांतीय रूममेट आत आला आणि विचारलं, हा कोण?

मित्र क्षणभर थांबला. मला वाटलं, आता पुन्हा 'निअर पुणे' येणार. पण तो म्हणाला, 'अ फ्रेंड फ्रॉम बॅक होम.'

घरी येताना रिक्षात मी ते डबे मोजत होते. फ्रॉम, बॅक, होम. उलट्या बाजूने वाचलं तर गाव, कडे, चा. गावाकडचा! आपला एक शब्द, त्यांचे तीन, आणि त्यात कुठेही 'निअर' नाही.

तेव्हा पुढच्या कॉलवर प्रश्न आला की गाव गाळू नका. 'आय अॅम फ्रॉम वेल्हे, अप इन द हिल्स, साउथवेस्ट ऑफ पुणे' म्हणा. समोरच्याने तोरणा ऐकला नसेल तर फोटो पाठवा. पुढची पाच मिनिटं तुमचीच!