‘वेताळ’, ‘वेताल’ आणि ‘वेतार’ : चित्रमालिकांच्या जुन्या वाचकांचे स्नेहभाषण

वृत्तपत्रातील चित्रमालिका ही वाचनाची वस्तू आहे हे उघड आहे; ती बोलण्याचीही वस्तू आहे, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. सकाळच्या अंकातील तीन-चार चौकटी वाचून होण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. परंतु त्या चौकटींतील एखादे पात्र, एखादी लकब वा एखादे ठरीव वाक्य वाचकांच्या तोंडी वर्षानुवर्षे राहते, आणि ज्यांच्या तोंडी ते राहते त्यांच्यात एक विशिष्ट प्रकारचा स्नेह निर्माण होतो. हा स्नेह भाषेच्या कोणत्या व्यापारावर उभा असतो, आणि गोंदियासारख्या बहुभाषिक जिल्ह्यात त्याच्या अभ्यासाला कोणते महत्त्व येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माणसे केवळ माहिती देण्याघेण्यासाठी बोलत नाहीत, हा सिद्धांत भाषाविचारात आता रूढ झाला आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने 1923 मध्ये ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या अर्थविचारविषयक ग्रंथाला जोडलेल्या निबंधात, केवळ स्नेहसंबंध जुळावा वा टिकावा म्हणून होणाऱ्या बोलण्याला ‘फॅटिक कम्यूनिअन’ असे नाव दिले. पुढे रोमान याकबसन याने 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली, त्यांत संपर्क राखण्याच्या कार्याला स्वतंत्र स्थान दिले. ‘जेवण झालं का?’, ‘काय, बाजारात निघालात वाटतं?’ यांसारखे आपल्याकडचे प्रश्न याच जातीचे होत. त्यांना उत्तराची फारशी अपेक्षा नसते; ओळख शाबूत आहे एवढेच त्यांतून सांगावयाचे असते. अशा बोलण्याला प्रस्तुत लेखात ‘स्नेहभाषण’ म्हटले आहे.

चित्रमालिकेच्या वाचकांचे आपसातील बोलणे या स्नेहभाषणातच मोडते. पण त्यात एक भेद आहे. हवापाण्याच्या गोष्टी कोणाशीही करता येतात. चित्रमालिकेतील पात्राचा उल्लेख मात्र ज्याने ती वाचली आहे त्याच्याशीच करता येतो. म्हणजे या बोलण्याला आशय असतो, परंतु तो आशय दोघांनाही आधीच ठाऊक असतो. संवाद करणाऱ्यांना समान असलेल्या अशा ज्ञानाला हर्बर्ट क्लार्क याने आपल्या 1996 च्या ग्रंथात संभाषणाची समाईक भूमी मानले आहे. ही भूमी जितकी विस्तृत, तितके उच्चारावयाचे शब्द कमी. जुने स्नेही अर्धे वाक्य बोलतात आणि थांबतात. उरलेले अर्धे समोरचा मनात पुरे करतो. चित्रमालिकेच्या जुन्या वाचकांची खूण त्यांच्या स्तुतिपर बोलण्यात शोधू नये. त्यांनी जे बोलण्याचे टाळले त्यातच ती सापडते.

अशी समाईक भूमी चित्रमालिकेमुळे विशेष सुलभतेने तयार होते, याला तीन कारणे आहेत. पहिले कारण समकालिकतेचे. वृत्तपत्राचा अंक एकाच सकाळी हजारो घरांत उघडला जातो. बेनेडिक्ट अँडरसन याने 1983 मध्ये वृत्तपत्रवाचनाला एकेकट्याने, परंतु इतर असंख्य लोक तेच करीत आहेत या जाणिवेने केलेला सामूहिक विधी मानले, ते येथे लागू पडते. दुसरे कारण पात्रांच्या स्थिरतेचे. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 21 नोव्हेंबर 1991 रोजी ‘सकाळ’मध्ये अवतरला. त्या वर्षी त्याच्या वयाची असलेली मुले पुढे आईबाप झाली. चिंटू, पप्पू, मिनी, राजू आणि बगळ्या ही मंडळी मात्र शाळकरीच राहिली. त्यामुळे बाप आणि मुलगी यांना एकाच वयाचा एकच मित्र असू शकतो, हा योग कादंबरीतील नायकाच्या बाबतीत क्वचितच येतो. तिसरे कारण विषयाच्या लहानपणाचे. वृत्तपत्राच्या इतर स्तंभांतील मजकूर पक्ष, जात, भाव आणि बदल्या यांविषयी असतो. त्यावर बोलू लागताच माणसे दोन बाजूंना उभी राहतात. चित्रमालिकेत कोणाचेच काही पणाला लागलेले नसते. म्हणूनच दुकानदार आणि गिऱ्हाईक, साहेब आणि शिपाई हे तिच्याविषयी एकाच पातळीवरून बोलू शकतात.

गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश व पूर्वेस छत्तीसगड आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यातच मोडत होता, आणि हावडा-मुंबई लोहमार्गावरील जंक्शन असल्यामुळे गोंदिया शहरात निरनिराळ्या भाषांचे लोक येऊन स्थिरावले. बाजारात हिंदी, शाळेत प्रमाण मराठी, आणि घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी वा छत्तीसगडी, अशी भाषांची वाटणी येथे एकाच माणसाच्या दिनक्रमात आढळते. अशा ठिकाणी लोकप्रिय चित्रमालिकेतील नायकाचे नाव कोणत्या भाषेत उच्चारले जाते, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

याचे उत्तम उदाहरण ‘वेताळ’ या नावाचे आहे. ली फॉक याने निर्माण केलेली ‘फँटम’ ही दैनिक चित्रमालिका 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाली. त्याचा ‘मँड्रेक’ त्याआधी, 1934 मध्ये, आला होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, तेव्हा वृत्तपत्रांतील या तुटक पट्ट्या सलग पुस्तिकांच्या रूपाने भारतीय वाचकाच्या हाती आल्या. पहिल्या 32 अंकांत केवळ फँटमच्याच कथा होत्या. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन इत्यादी नायक आले, आणि 1976 च्या अखेरीस आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा अस्सल भारतीय नायकही आला. इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी आणि अन्य भारतीय भाषांत निघालेले हे प्रकाशन 1990 मध्ये बंद पडले.

या भाषांतरांत नावांची योजना विचारपूर्वक झालेली दिसते. फँटमच्या काल्पनिक देशाचे ‘बंगाला’ हे नाव भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाले, त्यामुळे बंगाल या प्रदेशनामाशी येणारे साधर्म्य टळले. नायकाला हिंदीत ‘वेताल’ आणि मराठीत ‘वेताळ’ म्हटले गेले. मराठी लोकसमजुतीतील वेताळ हा भुतांचा अधिपती असूनही कित्येक गावांचा राखणदार आहे. भूत समजला जाणारा, पण निर्बलांचे रक्षण करणारा हा परदेशी नायक त्या नावात सहज सामावला. मूळ इंग्रजी नाव राखले असते, तर ही जवळीक आली नसती.

आता या नावाच्या अंत्य व्यंजनाकडे पाहावे. हिंदीत ‘ल’, प्रमाण मराठीत ‘ळ’. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘श’च्या जागी ‘स’, आणि ‘ळ’च्या जागी ‘र’; ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो. या नियमाने ‘वेताळ’चे झाडीबोलीतील रूप ‘वेतार’ ठरते, तसेच ‘बगळ्या’चे ‘बगऱ्या’. अंक हिंदी असो वा मराठी, नायक एकच. पण ‘वेताल’, ‘वेताळ’ आणि ‘वेतार’ ही तीन रूपे एकाच मित्रमंडळात नांदू शकतात. फुग्यात छापलेला शब्द सर्वांना समान असतो, बोललेला शब्द मात्र ज्याचा त्याचा असतो.

या स्नेहभाषणाची रीत स्पष्ट व्हावी म्हणून नमुन्यादाखल रचलेला एक लहानसा संवाद घेऊ. ‘फँटम’च्या कथांत निवेदकाच्या तोंडी वारंवार एक साचा येतो. जंगलातील जुनी म्हण म्हणून नायकाच्या सामर्थ्याविषयी काही तरी गंभीरपणे सांगितले जाते. साचा ठरलेला, आतला मजकूर मात्र बदलता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा एक उत्पादक साचा होय. त्यातील रिकाम्या जागी वाचक हवे ते घालू शकतो. गोंदियाच्या स्थानकाबाहेरील चहाच्या टपरीवर दोन जुने वाचक भेटले आहेत. त्यांपैकी एक राईस मिलमधील हिशेबनीस आहे, असे समजावे.

‘काहून गा, काल आला नाही?’

‘जंगलातली जुनी म्हन आहे भाऊ, उधारीवाला दारात असला का वेतारही गुहेतच बसते.’

‘पांढरा घोडा तर चौकात दिसला मले!’

पांढरा घोडा म्हणजे अर्थातच हिशेबनिसाची स्कूटर. ज्याने या कथा वाचल्या नाहीत अशा तिसऱ्या माणसाला यातून एवढेच कळेल की कोणाची तरी उधारी राहिली आहे. वेतार कोण, गुहा कोणती, घोडा कोठून आला, यांपैकी काहीच उमगणार नाही. उलट त्या दोघांना काहीच समजावून सांगावे लागत नाही. पहिल्याने विचारलेला प्रश्न तक्रारीचा होता. दुसऱ्याने साच्याचा आश्रय घेऊन न येण्याची कबुली दिली आणि पैशाची अडचणही सांगितली. पण दोन्ही गोष्टी थट्टेच्या आवरणाखाली. पहिल्याने त्याच कथेतील घोडा पुढे करून, ‘तुझी सबब मला पटली नाही, पण मी रागावलोही नाही’, हे सुचविले. सरळ शब्दांत बोलले असते तर संकोच वा कटुता आली असती, अशी तीन कामे या तीन वाक्यांनी उरकली.

आणखी एक गोष्ट या संवादात लक्षात घेण्यासारखी आहे. ‘वेतार’ या उच्चाराला पहिला माणूस अडला नाही. शाळेत हाच शब्द विद्यार्थ्याने असा उच्चारला असता, तर त्याला ‘ळ’ म्हणावयास लावले गेले असते. बोलीभाषक विद्यार्थ्याची प्रमाणभाषेशी पडणारी गाठ बहुधा अशा दुरुस्तीच्याच रूपाने पडते, आणि तिच्यामुळे चारचौघांत बोलताना तो आधी उच्चार तपासतो, मग बोलतो. स्नेहभाषणात दुरुस्तीला जागा नसते, कारण तेथे शब्दाचे काम अर्थ सांगण्याचे नसून ‘आपण एकाच कथेतले’ हे सांगण्याचे असते. चित्रमालिकांच्या फुग्यांत झाडीबोली उतरली नाही. मराठी चित्रमालिकेची भाषा मुख्यतः प्रमाण, नागर मराठीच राहिली. परंतु ज्या क्षणी ती मालिका वाचकांच्या बोलण्यात शिरते, त्या क्षणी ती बोलीची होऊन जाते. केंद्रातून आलेला मजकूर परिघावरच्या माणसाने आपल्या ध्वनिव्यवस्थेत बसवून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि तो कोणत्याही सक्तीशिवाय, हसतखेळत घडतो. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधांत तणावाची उदाहरणे पुष्कळ नोंदली जातात; स्नेहाच्या उदाहरणांची नोंद त्या मानाने विरळच होते.

ही नोंद करण्यास आता फार अवधी उरलेला नाही. ‘इंद्रजाल’ 1990 मध्ये बंद पडले. त्याचे शेवटचे अंक आठव्या-नवव्या वर्षी वाचणारी मुलेही आज पंचेचाळिशीच्या आसपास आहेत, आणि 1964 चे पहिले वाचक सत्तरीच्या आसपास वा त्याही पुढे गेले आहेत. जुने अंक संग्राहकांच्या कपाटांत टिकतील, कारण कागदाला किंमत येते. त्या अंकांभोवती घडलेले बोलणे मात्र बोलणाऱ्यांबरोबरच संपणारे आहे. नंतरच्या पिढीची मुले चित्रकथा पडद्यावर, आपापल्या वेळी व आपापल्या आवडीने पाहतात. एकाच सकाळी एकच पट्टी वाचून घराबाहेर पडणे हा समकालिकतेचा आधार त्यांच्यापुरता सैल झाला आहे. त्यांच्यातही समाईक भूमी तयार होते, पण तिच्या सीमा गावाच्या वा मोहल्ल्याच्या सीमांशी जुळत नाहीत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी हा विषय घेता येईल. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. ‘तुम्ही या नायकाचे नाव कसे उच्चारता?’ असे सरळ विचारल्यास उत्तरदाता पुस्तकात छापलेले रूपच सांगेल. निरीक्षणामुळे निरीक्ष्य भाषाच बदलते, या अडचणीचा निर्देश विल्यम लाबोव्ह याने 1972 मध्ये केला आहे. त्यापेक्षा दोन जुन्या वाचकांना एकत्र बसवावे, त्यांच्यापुढे एखादा जीर्ण अंक ठेवावा आणि प्रश्न विचारण्याचे टाळावे. पहिली काही मिनिटे ते निरीक्षकासाठी बोलतील; नंतर ते एकमेकांसाठी बोलू लागतील. ध्वनिमुद्रणाचा अभ्यास करताना त्या दुसऱ्या भागावर भर द्यावा, आणि अर्धवट सोडलेली वाक्ये पुरी करून लिहिण्याचा मोह आवरावा. वाक्य कोठे सोडले गेले, हीच तेथील मुख्य सामग्री आहे.