आधीचं पीठ झाडलंत ना?

उपवासाची भाजणी गिरणीत नेली, की दळण घालण्यापूर्वी गृहिणी हमखास विचारते, ‘‘आधीचं पीठ झाडलंत ना?’’ मागच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचे चार कण राहिले, तरी उपवास मोडतो. संगणकाच्या पोटातही असेच दळण चालते आणि तिथेही हा प्रश्न विचारणारा कुणीतरी लागतो.

संगणकाची मेमरी एका कामाकडून दुसऱ्याकडे सतत फिरत असते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स’ प्रणालीच्या गाभ्यात ‘केमॅलॉक’ म्हटले, की जागा मिळते ती आधीच्या मजकुरासकट. ‘केझॅलॉक’ म्हटले, की शून्यांनी पुसलेली. मग नेहमी पुसलेलीच का घेऊ नये? कारण पुसण्यात वेळ जातो. ज्या जागेत पुढच्याच क्षणी मजकूर ओतायचा, ती आधी धुणे म्हणजे दुहेरी मेहनत.

पण ‘भरणारच आहोत’ हा भरवसा अंगाशी येऊ शकतो. ‘ईएक्सटी-४’ या फाइलव्यवस्थेत फाइलचे तुकडे कुठे आहेत, याच्या नोंदींचा न वापरलेला भाग पुसला जात नसल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. मेमरीतला जुना मजकूर त्यासोबत डिस्कवर उतरू शकत होता.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर. माक्स केलरमन या प्रोग्रामरकडे २०२१ मध्ये तक्रार आली, की काही दाबून साठवलेल्या फाइली उघडत नाहीत. शोध घेता घेता बिघडलेल्या फाइलींच्या शेवटी तेच आठ बाइट चुकीचे आढळले. दोष निघाला थेट गाभ्यात! एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या ‘पाइप’च्या नोंदीतला एक रकाना कोरा करायचा राहिला होता. त्यातली जुनी खूण ‘या पानावर आणखी लिहायला हरकत नाही’ असे सांगत असे. त्यामुळे फाइल केवळ वाचण्याची मुभा असलेल्यालाही तिच्या मेमरीतल्या प्रतीत मजकूर घुसवता येई, अगदी प्रणालीचा ताबा मिळवण्यापर्यंत! चूक २०१६ ची, ती घातक ठरली २०२० मधल्या एका बदलाने, आणि ‘डर्टी पाइप’ या नावाने जगजाहीर झाली मार्च २०२२ मध्ये. दुरुस्ती किती? रकाना शून्य करणाऱ्या अवघ्या दोन ओळी.

आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतो. म्हणूनच त्यातला बदल दुसऱ्या जाणकाराने वाचण्याला महत्त्व आहे. ‘केमॅलॉक’चे ‘केझॅलॉक’ करणे इंग्रजीत एका अक्षराचे काम. पण वाचणाऱ्याने विचारायचे असते, प्रत्येक रकाना खरेच भरतो का? काम अर्ध्यावर सुटले तर? आणि शून्याचा अर्थ इथे ‘काहीच नाही’ असाच आहे ना? कारण लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे सर्वाधिकारी!

मेमरी देतानाच सरसकट पुसण्याची सोय लिनक्समध्ये २०१९ पासून आहे. तिने ‘डर्टी पाइप’ मात्र अडला नसता. ती नोंदवही हाती आली तेव्हा कोरीच होती. खूण राहिली ती नंतरच्या वापरातली. पहिल्या दिवशीची स्वच्छता यंत्र करते. रोजच्या वापरात काय साचते, हे मात्र ओळ न् ओळ वाचणाऱ्या माणसालाच पाहावे लागते.