शुल्क कोणी भरले आणि सवलत कोणाची

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले महाविद्यालयात दाखल झाली, की एप्रिलच्या मध्यापूर्वी विवरणपत्र रुजू करण्याच्या धांदलीत शिक्षणविषयक करसवलतीचा प्रश्न हटकून निघतो, आणि ऐकीव समजुतींमुळे हक्काची रक्कम सरकारदरबारीच राहून जाते. भारतात कलम ८०सी अन्वये मुलांचे शिक्षणशुल्क उत्पन्नातून वजा होत असल्याने हीही तशीच वजावट असावी, असे अनेक पालक धरून चालतात. वस्तुतः ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट’ प्रत्यक्ष करातूनच वजा होते. पात्र खर्चापैकी पहिले २,००० डॉलर पूर्ण आणि पुढील २,००० डॉलरांचा चतुर्थांश, अशी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल २,५०० डॉलरांची ही सवलत असून, देय कर शून्य झाला तरी तिच्यातील १,००० डॉलरांपर्यंतची रक्कम पालकांना परत मिळू शकते.

शुल्क ज्याच्या खात्यातून गेले त्याचीच सवलत, ही समजूत सर्वांत दृढ आहे, आणि माझ्या मते सर्वांत नुकसानकारकही. चोवीस वर्षांखालील, पूर्णवेळ शिकणारे आणि आपल्या निर्वाहाचा अर्ध्याहून अधिक भार स्वतः न उचलणारे मूल सामान्यतः आईवडिलांचे अवलंबित ठरते; आणि पालकांनी त्याची तशी नोंद केली, की मुलाने सुटीतल्या कमाईतून भरलेले, त्याच्या नावावरील कर्जातून भरलेले, इतकेच काय, आजोबांनी परस्पर महाविद्यालयाकडे पाठविलेले शुल्कही पालकांनीच भरले असे कायदा मानतो. त्याच वर्षी मुलाने स्वतःच्या विवरणपत्रात सवलत मागितली, तर ती मात्र नामंजूर होते.

शिष्यवृत्तीने शुल्क भागले म्हणजे मागण्यासारखे काही उरले नाही, हाही निष्कर्ष घाईचा आहे. समजा, शुल्क ८,००० डॉलर आणि शिष्यवृत्तीही तेवढीच आहे; महाविद्यालयाने दिलेल्या १०९८-टी या दाखल्यातील पहिल्या व पाचव्या चौकटीत समान आकडे पाहून पालक कागद मिटून ठेवतात. परंतु शिष्यवृत्तीच्या अटींनुसार ती रक्कम निवासभोजनासाठी वापरता येत असेल आणि तो खर्च खरोखर झाला असेल, तर तिच्यातील ४,००० डॉलर विद्यार्थ्याने आपले करपात्र उत्पन्न म्हणून दाखवावेत. तेवढे शुल्क सवलतीसाठी मोकळे होते, आणि विद्यार्थ्याचे अन्य उत्पन्न अल्प असल्यास त्याला बहुधा कर लागतच नाही.

खोलीभाडे, खानावळ, प्रवास आणि वैद्यकीय विमा या बाबी मात्र पात्र खर्चात धरल्या जात नाहीत. उलट अभ्यासक्रमासाठी आवश्यक पुस्तके बाहेरच्या दुकानातून घेतली तरी चालतात, आणि ती खरेदी दाखल्यावर सहसा दिसत नसल्याने पावत्या जपून ठेवणे अगत्याचे असते. ५२९ या शिक्षण-बचत योजनेतील करमुक्त पैशाने भागविलेला खर्च पुन्हा येथे दाखविता येत नाही.

ही सवलत एका विद्यार्थ्यासाठी चारच करवर्षे घेता येते; पुढील शिक्षणासाठी ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ आहे, ज्यात १०,००० डॉलरांपर्यंतच्या खर्चाचा पाचवा हिस्सा मिळतो, पण तो विद्यार्थ्यागणिक नसून संपूर्ण विवरणपत्रामागे एकदाच. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याचे सुधारित समायोजित उत्पन्न १,६०,००० डॉलरांपुढे गेले की दोन्ही सवलती घटू लागतात आणि १,८०,००० डॉलरांना संपतात. पतिपत्नींनी वेगवेगळी विवरणपत्रे भरल्यास तर उत्पन्न कितीही असो, हा हक्कच उरत नाही.