ओठावरचा ताप आणि घरातले तान्हे बाळ

ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक, पाणीदार फोडांचा झुपका उठतो. कोणी म्हणते जर फुटला, कोणी म्हणते ताप उतला. आपल्या घरांतल्या दादी-नानी ‘मकडी मूत गई’ म्हणून मोकळ्या होतात. बिचाऱ्या कोळ्याचा यात काही दोष नसतो!

हा हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालील सुमारे ६४ टक्के माणसांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणाच्या तरी लाडाच्या पाप्यातून मिळालेला असतो. म्हणून फोड आला तर लाजायचे किंवा कुणावर संशय घ्यायचे कारण नाही. विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत झोपून राहतो आणि ताप, जागरण, मनावरचा ताण, मासिक पाळी किंवा कडक ऊन यांनी जागा होतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्यांनी ओढणी किंवा रुमाल ओठांवरूनही घ्यावा. रमजानमध्ये सहरीसाठी उठायचे असेल, तर दुपारी तासभर डोळा लागू द्यावा.

खाण्याने फोड बरा होत नाही. फक्त आग कमी-जास्त होते. चार दिवस मिसळीची तर्री, लिंबू, लोणचे, आंबट द्राक्षे बाजूला ठेवा. दही-भात, मऊ खिचडी, गार फिरनी चालेल. शेंगदाणे, चॉकलेट बंद करून दूध-मासे वाढवा, असे सांगितले जाते, पण त्याला भक्कम पुरावा नाही.

घरगुती उपायांत गार पाण्याची घडी पाच-दहा मिनिटे ठेवणे आणि खपली तडकू नये म्हणून व्हॅसलीन लावणे, हे दोन उत्तम. मधाचे म्हणाल, तर न्यूझीलंडमध्ये ९५२ जणांवर केलेल्या चाचणीत औषधी दर्जाचा कानुका मध असायक्लोव्हिर मलमाच्या जवळपास बरोबरीला उतरला. फोड जायला दोन्हींना आठ-नऊ दिवस लागले. तो मध निर्जंतुक केलेला होता, बरणीतला नव्हे. चुना, टूथपेस्ट, मीठ मात्र लावूच नका, कातडी भाजते. मलम लावायचेच असेल तर ओठ चुणचुणू लागताच सुरू करावे.

वजू करताना फोड चोळू नये, हात साबणाने धुवावेत आणि टॉवेल, पेला वेगळा ठेवावा. फोड डोळ्याजवळ आला, डोळा लाल झाला किंवा दहा दिवसांत बरे वाटले नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

सगळ्यात जास्त जपायचे ते तान्ह्या बाळाला. मोठ्यांना आठवडाभर त्रास देणारा हा विषाणू पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, जीवही घेऊ शकतो. ओठावर फोड असलेल्याने, मग ती सख्खी फुप्पी का असेना, बाळाचा पापा घेऊ नये आणि खजूर चावून तहनीकही करू नये. फोड नसतानाही लाळेत विषाणू असू शकतो. म्हणून तहनीक करायची तर खजूर चावू नये. स्वच्छ धुतलेल्या हातांनी अगदी मऊ कुस्करून बोटाला लागेल एवढाच घ्यावा, तोही बाळाच्या डॉक्टरांना विचारून. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.