दुबईच्या विमानांचे गणित आणि आपण

ज्या राज्यात घरचे प्रवासी मूठभर, त्याने जगातील एक बलाढ्य विमान कंपनी उभारावी, हे वरकरणी विपरीतच वाटते. दुबईच्या ‘एमिरेट्स’ने ते करून दाखविले. १९८५ च्या ऑक्टोबरात, राज्यकर्त्यांनी दिलेले एक कोटी डॉलर आणि भाड्याने घेतलेली विमाने एवढ्यावर तिने आरंभ केला. पहिले उड्डाण कराचीला झाले. पाठोपाठ मुंबई व दिल्ली जोडली गेली. तिच्या भरभराटीतील आपला वाटा असा प्रारंभापासूनचा आहे.

या यशाचे रहस्य पुष्कळजण तेलात शोधतात. ते फार तर अर्धसत्य होय. अबूधाबीच्या मानाने दुबईचे तेल अल्पच. दुबईने हेरले ते स्वतःचे स्थान. हैदराबादहून मँचेस्टरला जाणाऱ्यांनी विमानाचा एक कोपरा भरेल. पण कोची, ढाका, कोलंबो येथून आलेले प्रवासी दुबईत त्याच विमानात चढले, की ते पूर्ण भरते. म्हणूनच अनेक कंपन्यांना पांढरा हत्ती ठरलेले दुमजली ‘ए-३८०’ विमान या कंपनीने शंभराहून अधिक संख्येने घेतले. अर्थात, सारी मदार एकाच विमानतळावर असण्यात धोकाही आहे. महासाथीच्या २०२०-२१ या वर्षात तिला सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि सरकारला भांडवल ओतावे लागले.

आपले काय? ‘एअर इंडिया’चे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले ते १९४८ साली, म्हणजे एमिरेट्सच्या जन्माआधी ३७ वर्षे. पुढे सरकारी कारभार, कर्ज आणि २००७ चे विलीनीकरण यांत ती कंपनी खचली व आपला प्रवासी आखातात विमाने बदलू लागला. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे परतली. २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदविली गेली.

आता प्रश्न आहे तो धोरणाचा. २०१४ च्या सुमारास भारत-दुबई मार्गावर प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा ठरली. त्यानंतरच्या दशकात दुबईने वाढ वारंवार मागितली. दिल्लीने हात आखडता घेतला. ही भूमिका निराधार नाही. सारी दारे उघडली, तर भारतातून थेट दूरची उड्डाणे रुजणे कठीण. परंतु आसने कमी पडली की भाडे चढते, आणि ते भरतो कोण? सुट्टीवर घरी येणारा केरळचा वा रत्नागिरीचा कामगार. स्वदेशी कंपनीच्या संगोपनाचा खर्च त्याच्या खिशातून निघावा, हा न्याय नव्हे.

तेव्हा संरक्षण द्यावे, पण मुदतीचे. आसने टप्प्याटप्प्याने वाढवावीत आणि त्या अवधीत आपल्या कंपन्यांनी मुंबई-दिल्लीहून किती नवे दूरचे मार्ग चालविले, याचा जाहीर हिशेब मागावा. दुबईने आपल्या भूगोलाचे भांडवल केले. आपल्यापाशी भूगोलही आहे आणि घरचे प्रवासीही. उणीव राहिली ती त्यांचा मेळ घालण्याची. ती नुसत्या बंधनांनी भरून निघणार नाही.