नायटा दबतो, पण बरा होत नाही!

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांत एक दुखणे घरोघर असते, पण त्याबद्दल मोकळेपणी कोणी बोलत नाही. जांघेत, कमरेला, काखेत खाजणारे गोल चट्टे उठतात. कोणी त्याला नायटा म्हणतात, कोणी गजकर्ण. भगिनी तर लाजेपोटी महिनोन् महिने सोसतात. म्हणून आज आम्ही स्पष्टच लिहिणार आहोत.

आमच्या शेजारच्या एका भावाचे उदाहरण घ्या. दिवसभर गमबूट आणि जाड पँट घालून त्यांचे काम. जांघेत चट्टा उठला, तेव्हा मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली, आठवड्यात चट्टा पुसट झाला. त्यांनी ट्यूब ठेवून दिली. पंधरा दिवसांनी नायटा पुन्हा उठला, तोही दुप्पट. पुन्हा तीच ट्यूब. असे सहा महिने चालले. तोवर वहिनींना आणि मुलीलाही लागण झाली. भावाच्या जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर चरे पडले. "आपलं रक्तच खराब," असे ते म्हणू लागले.

रक्ताचा यात काहीच दोष नव्हता. नायटा ही कातडीवर वाढणारी बुरशी आहे. घाम, ओल आणि घट्ट कपडे मिळाले की ती पसरते. एकाच टॉवेलातून, चादरीतून ती घरभर जाते. दोष होता त्या ट्यूबचा. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले होते. स्टिरॉइडने खाज आणि लाली लगेच दबते, पण कातडीची लढण्याची ताकदही दबते. वरून बरे दिसते आणि आत बुरशी माजते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. तरीही ती सर्रास हातात पडतात.

म्हणून ट्यूब घेताना तिच्यावरची औषधांची नावे वाचा. ती इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसले, तरी ती ट्यूब नायट्याला लावू नका. नुसते क्लोट्रिमाझोल एक टक्का असलेले साधे मलम मागा.

मलम लावण्याचीही रीत आहे. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. सकाळ-संध्याकाळ पातळ थर लावा. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे रुंद जागेवरही लावा, कारण बुरशी कडेने पुढे सरकत असते. नंतर हात धुवा. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे लावत राहा. इथेच बहुतेकजण चुकतात. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांनाही हीच रीत लागू आहे.

घरात ज्यांना ज्यांना लागण आहे, त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी करा. नाहीतर एक बरा होतो आणि दुसरा त्याला परत देतो. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. आतले कपडे सुती आणि सैल असावेत, रोज बदलावेत. आम्ही एकखणी घरात राहणारी माणसे. पावसात कपडे वाळत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी दमट कपडा गरम इस्त्रीने, विशेषतः शिवणींवर, वाळवून मगच घाला.

तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, चट्टे अंगभर पसरले, डोक्यात किंवा नखांत लागण झाली, मधुमेह असेल किंवा बाई गरोदर असेल, तर घरी प्रयोग नकोत. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. आधी वापरलेल्या ट्यूबा सोबत न्या. अलीकडे काही बुरशी नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. अशा वेळी कोणत्या गोळ्या आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. आणि स्टिरॉइडची ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज वाढली, तर घाबरून पुन्हा तिच्याकडे वळू नका, डॉक्टरांना सांगा.

शेजारच्या त्या तिघांनी एकाच दिवशी उपचार सुरू केला आणि नेटाने पुरा केला. आज तिघेही बरे आहेत. नायटा होणे ही लाजेची गोष्ट नाही. तो लपवून घरभर वाढू देणे मात्र आपल्याला परवडणारे नाही.